बाजी, सेल आणि आमचं लेझीम

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरातल्या जुन्या चार्जरसारखे ते आपोआप साठतात. ड्रॉवर उघडा, एक ओढा, की दहा गुंतून बाहेर येतात. कुठला कशाचा ते आठवत नाही, आणि फेकवत तर एकही नाही!

आमच्या लेझीम पथकाचे किस्से असेच साठले. पथक म्हणजे फार मोठं काही समजू नका. दिग्रसमधल्या चाळिशी ओलांडलेल्या आम्ही काही बायका, शाळेमागच्या मैदानावर संध्याकाळी लेझीम खेळतो. ढोल वाजवणारा होता तो पुण्याला नोकरीला निघून गेला. मग ढोल-हलगीचं रेकॉर्डिंग आणलं आणि ते वाजवायला एक छोटा म्युझिक प्लेअर. आम्ही त्याला 'डबा' म्हणतो. मैदानावर झाडं आहेत, बाक आहेत, एक म्हैसही येते, पण लाईटचा बोर्ड नाही. त्यामुळे आमचं सगळं राजकारण एकाच प्रश्नाभोवती फिरत आलंय. डब्याला करंट द्यायचा कुठून?

हे खातं शबाना बाजींकडे. उर्दू शाळेत सायन्स शिकवून रिटायर झाल्या. गुडघ्यामुळे लेझीम खेळत नाहीत, पण त्यांच्याशिवाय एक पाऊल पडत नाही. सगळ्यात पुढे नाचतात मंगला वहिनी. राऊतभाऊंचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या मिसेस. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. तिसरी पुष्पा चव्हाण, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि मी कुंदा, पोस्टातून रिटायर. एवढी नावं लक्षात ठेवलीत तरी पुरे.

*

पहिला डबा वहिनींनी मारला.

त्या दिवशी प्रॅक्टिस त्यांच्याच अंगणात होती. डब्याचा ॲडॅप्टर सापडेना. वहिनींनी घरातल्या वायफायच्या खोक्याचा ॲडॅप्टर उपटला, पिन डब्यात घातली. पिन अगदी मापात बसली!

"पाह्यलं? बसली ना!" वहिनी म्हणाल्या.

ढोल जरा वाजला, मग खरखरला, मग थांबला. वहिनींनी नाक वर केलं.

"अवो, गाण्यातून फोडणीचा वास येऊन राह्यला!"

डब्याच्या मागून बारीक धूर निघत होता. वहिनी तो उचलायला धावल्या, तेवढ्यात बाजी ओट्यावरूनच ओरडल्या, "हात नका लावू! पयले बोर्डाचं बटन बंद करा!"

मी बटन बंद केलं. डबा थंड झाल्यावर बाजींनी दोन्ही वस्तू चष्म्याजवळ धरल्या. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं पाच व्होल्ट. ॲडॅप्टरवर बारा.

"वहिनी, पिन बसली म्हणजे पत्रिका जुळली असं नसते! व्होल्ट तंतोतंत सारखे पाह्यजेत. अँपिअर डब्याला लागतात तितके तरी पाह्यजेत, जास्त असले तर चालते. अन् पिनच्या आत अधिक हाये का बाहेर, ते चित्र जुळलं पाह्यजे. मंगच लावायचं."

वहिनी थक्क झाल्या. "अवो बाजी, एवढं तर माझ्या लग्नाच्या वेळीही कोणी पाह्यलं नव्हतं!"

आतून राऊतभाऊंचा आवाज आला, "म्हणूनच तर रोज फ्यूज उडते!"

*

दुसरा डबा घेतला तेव्हा बाजी जातीनं दुकानात हजर. हा डबा सेलवरही चालतो आणि ॲडॅप्टरवरही. सहा व्होल्टचा. कंपनीचा ॲडॅप्टर मात्र खोक्यात नव्हता.

दुकानदारानं एक ॲडॅप्टर काढला. त्याला पाच-सहा तोंडं, खाली व्होल्ट फिरवायचं बटन. "मॅडम, हा घेऊन जा. हा सगळ्याले चालते."

"जो सगळ्याले चालते तो कोणाचाच नसते," बाजी म्हणाल्या. "मीटर हाये का?"

दुकानात मीटर होतं. बाजींनी बटन सहावर फिरवलं आणि मीटर लावायला सांगितलं. काटा नऊच्याही पुढे गेला!

दुकानदार म्हणाला, "लोड आला का खाली उतरते, मॅडम."

"आमचा डबा हळू आवाजात वाजला तर? तेव्हा लोड कुठून आणू? तुमाले बसवू का वर?"

दुकानात बसलेली चार गिऱ्हाइकं हसली. दुकानदारानं मुकाट्यानं मागच्या कपाटातून चांगला ॲडॅप्टर काढला. त्याचा काटा सहावर जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला. घरी येऊन बाजींनी त्या ॲडॅप्टरला आणि डब्याच्या भोकाला एकाच लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. लालाला लाल, बाकी सगळं हराम!

परवा मी त्याच दुकानात गेले होते. एक पोरगी ॲडॅप्टर मागत होती. दुकानदार तिला सांगत होता, "डबा घेऊन ये बापा पयले. मीटर लावून देतो. गावात एक मॅडम हाये, तिले समजलं तर माझ्या दुकानात शाळा भरवते!"

*

एका पावसाळ्यात प्रॅक्टिस बंद होती आणि डबा वहिनींच्या कपाटावर पडून होता. सेल आतच! बाजींनी शंभरदा सांगितलेलं, वापर नसला की सेल काढून ठेवा. पण वहिनींचं म्हणणं, "काढून ठेवले तर हरवतात."

पोळ्यानंतर डबा उघडला तर आत पांढरी-हिरवी बुरशी. सेल गळून स्प्रिंगांवर खरूज चढली होती. डबा मुका.

वहिनी रडायच्या बाकी. पण पुष्पा ड्युटीवरून तशीच आली होती. तिनं पर्समधून हातमोजे काढले, तोंडाला मास्क लावला. बाजी म्हणाल्या, "लिंबू आण. कानातल्या काड्या आण. अन् वहिनी, तुम्ही बाहेर बसा."

वहिनींच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पेपर अंथरून ऑपरेशन सुरू झालं. गळके सेल पिशवीत बांधले. काडी लिंबाच्या रसात बुडवून एकेक स्प्रिंग घासली. फसफसली. मग कोरड्या कपड्यानं पुसली, वाळू दिली. बाहेर ओट्यावर वहिनी पदराशी चाळा करत बसलेल्या. येणारा-जाणारा विचारे, "काहून वो, घरी कोणी बिमार हाये का?"

बऱ्याच वेळानं पुष्पा दारात आली. मास्क खाली केला. वहिनी ताडकन उठल्या.

"कसं हाये?"

पुष्पा म्हणाली, "शुद्धीवर आला. गाऊन राह्यला!"

आतून ढोल सुरू झाला आणि वहिनींनी त्या ओट्यावरच, घरच्या चपलेत, पहिली चक्कर घेतली.

*

यवतमाळला जिल्ह्याची स्पर्धा होती. आम्ही सगळ्या एस.टी.नं निघालो. लेझीमचा एवढा खळखळाट की ड्रायव्हरनं दोनदा आरशात पाहिलं.

चार्जिंगचे सेल रात्रभर नव्हे, दिवसा डोळ्यांसमोर चार्ज करून बाजींनी वहिनींकडे दिलेले. वहिनींनी ते सुटेच पर्समध्ये टाकले. पर्समध्ये घराच्या किल्ल्या, दुकानाच्या किल्ल्या, चिल्लर, आणि एक स्टीलची डबी.

दारव्हा मागे पडलं असेल नसेल, वहिनी मांडी चोळायला लागल्या. "कुंदाताई, माझी पर्स तापून राह्यली वो."

"उन्हानं तापली असेल."

"ऊन तर त्या बाजूनं हाये!"

तेवढ्यात कंडक्टर तिकिटं तपासत आला. वहिनींनी तिकीट शोधायला पर्स त्याच्या मशीन धरलेल्या हाताला टेकवली, आणि कंडक्टरनं हात मागे घेतला. "अवो बाई, पर्समंदी चालू इस्त्री घेऊन चाल्ल्या का?"

मागच्या सीटवरून बाजी उठल्या. पर्स उलटी करून ओढणीवर रिकामी केली. किल्ल्यांचा जुडगा दोन सेलांच्या दोन्ही टोकांना चिकटून बसला होता. बाजींनी ओढणीच्या टोकानं सेल वेगळे केले. एक इतका गरम की त्याला खिडकीशी गार होऊ दिलं आणि नंतर बाद केला. बाकीचे शाबूत. "लोखंडानं दोन्ही टोकं जोडली का करंट धावत सुटते," बाजी म्हणाल्या. "आग लागायची होती!" मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून साबणाची प्लॅस्टिकची डबी काढली, साबण वहिनींच्या हातात दिला आणि डबीत सेल एका रांगेत ठेवले. जोडीला राखीव सेल त्यांच्याकडे होतेच, त्याच जातीचे आणि त्याच वयाचे.

त्या दिवशी आम्ही अशा खेळलो की प्रेक्षकांतल्या कॉलेजच्या पोरी उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या. वहिनींच्या हातांना साबणाचा वास, पण पाऊल एकीचंही चुकलं नाही. पहिला नंबर! पितळी कप एवढा मोठा की वहिनींनी तो कडेवर घेतला.

परतीच्या गाडीला नेमका तोच कंडक्टर. वहिनी कप घेऊन चढल्या, ऐटीत त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. त्यानं एक पाऊल मागे घेऊन एक बोट कपाला हळूच लावून पाहिलं.

"थंड हाये," तो म्हणाला. "बसा!"

*

हा अगदी छोटा. केळापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो, टेम्पो करून. जेवणं झाली, झाडाखाली लेझीम खेळायची लहर आली, आणि डब्याचे सेल संपलेले. ड्रायव्हर उत्साही. तो बोनेट उघडून दोन वायरी घेऊन आला.

"बॅटरीले जोडतो ना, मॅडम! धडाकेबाज वाजते!"

बाजी म्हणाल्या, "तुझी बॅटरी बारा व्होल्टची. डबा सहाचा."

त्यानं अर्धं मिनिट विचार केला.

"मंग अर्धाच वेळ लावतो!"

बाजी चाळीस वर्षं शिकवण्यात घालवलेली बाई. त्यांनी वायरी त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि बोनेट स्वतः बंद केलं. आम्ही तोंडानं ढोल वाजवून खेळलो, आणि ड्रायव्हरनं बोनेटवर ताल धरला. खरं सांगते, तसा ढोल पुन्हा ऐकला नाही!

*

आता हसायचं जरा बाजूला ठेवा.

पुष्पाची आई दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर एकटी राहते. तिला पुष्पा याडी म्हणते, म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. याडीकडे एक छोटा गाण्यांचा प्लेअर होता, कार्ड घालायचा, त्यावर रेडिओही लागायचा. त्या कार्डात पुष्पाच्या वडिलांचा आवाज आहे. होळीला ते लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणायचे, शेजारच्या पोरानं मोबाईलवर घेतलं होतं. वडील गेले. आवाज तेवढा एकाच ठिकाणी राहिला.

एका दुपारी पुष्पा तांड्यावर गेली, तर याडी अंगणात ज्वारी पाखडत होती आणि आत खाटेवर, गोधडीच्या घडीत, प्लेअर चार्जिंगला लावलेला. चार्जर दुसऱ्याच कोणाच्या मोबाईलचा. पुष्पानं गोधडी उचलली. प्लेअरची पाठ पुरीसारखी फुगली होती. झाकण उचकटलं होतं. आतून बारीक सू-सू आवाज, आणि गोडसर, डोकं धरायला लावणारा वास.

पुष्पानं पहिला फोन बाजींना लावला. दुसरी कोणी असती तर "काय करू" म्हणून रडली असती. नर्सनं फक्त लक्षणं सांगितली.

बाजी म्हणाल्या, "बोर्डाचं बटन बंद कर. दाबू नको, टोचू नको. घरात ठेवू नको. धूर नसेन तर लांब दांड्याच्या फावड्यावर घे, तोंड दूर ठेव, अंगणात वाळूत नेऊन टाक. धूर सुरू झाला तर हातच लावू नको, याडीले घेऊन बाहेर पळ!"

धूर नव्हता. अजून नव्हता. पुष्पानं बटन बंद केलं, वायर बोर्डाकडून काढली. अंगणात बांधकामाची वाळू पडली होती. तिनं प्लेअर फावड्यावर घेतला आणि हात लांब करून, श्वास धरून चालत गेली. वाळूवर सोडला आणि मागे सरली. याडीला तिनं दंडाला धरून पार चिंचेखाली नेलं.

काही क्षण काहीच झालं नाही. मग दिवाळीतल्या झाडासारखी आग उसळली! फर्रकन वर गेली. कोंबड्या उडाल्या, शेजारी धावत आले. थोड्या वेळानं वाळूत फक्त काळी गोळी राहिली. ती गोधडी कोरडी होती, खाट कुडाच्या भिंतीला लागून होती, आणि कुडाच्या पलीकडे शेजारणीचं तान्हं झोपलं होतं.

सगळे पुष्पाची पाठ थोपटत होते. पुष्पा मात्र त्या गोळीकडे बोट दाखवून रडायला लागली. "याडी, बाचा आवाज गेला."

याडीनं पदराची गाठ सोडली. आत नखाएवढं कार्ड. गोरबोलीतच म्हणाली, त्याचा अर्थ असा: "काल तो फुगायला लागला तेव्हाच मी तुझ्या बाला बाहेर काढलं. डबा जळला तर जळू दे."

पुष्पा रडतच ओरडली, "अवं, फुगलेला दिसला होता, तर मंग चार्जिंगले कायले लावला?"

याडी म्हणाली, "बा नाई तर निदान बातम्या तरी ऐकू म्हटलं!"

दुसऱ्या दिवशी बाजींनी त्या कार्डातला आवाज चार ठिकाणी उतरवून ठेवला. याडीला सेलवरचा साधा प्लेअर घेऊन दिला. होळीला आमचं पथक तांड्यावर गेलं आणि पुष्पाच्या वडिलांच्या लेंगीवर खेळलं. याडी मधोमध होती.

*

आणि हा शेवटचा, सोनलच्या लग्नातला.

सोनल ही वहिनींची मुलगी. नवरा मुलगा ढाणकीचा. सोनलनं एकच हट्ट धरला, "आईनं पुढं लेझीम खेळत मले मांडवात नेलं पाह्यजे." नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली. नवरीची माय कुठं नाचते का? शेवटी निवाडा आबाजींकडे गेला.

आबाजी म्हणजे वहिनींचे सासरे. वेळेचे इतके पक्के की एस.टी.च्या वेळापत्रकावर मनापासून विश्वास ठेवणारा महाराष्ट्रातला हा एकच माणूस असावा. मोबाईलमधलं घड्याळ कंपनीवाले मनाला येईल तसं मागं-पुढं करतात, असा त्यांचा ठाम समज. त्यांचा भरवसा फक्त भिंतीवरच्या घड्याळावर.

आबाजी म्हणाले, "नाचा. माझी ना नाई. पण मुहूर्त टळला नाई पाह्यजे. टळला तर मी अक्षता टाकणार नाई, अन् तुमची लेझीम घरात दिसणार नाई."

झालं. लग्नाच्या दिवशी कार्यालयात सगळं झकास. डबा ॲडॅप्टरवर, लालाला लाल. वहिनींनी सकाळीच सेल घरी काढून ठेवलेले. "कार्यालयात लाईट हाये, कायले ओझं वाहता?"

वरात दारात आली आणि लाईट गेली.

पंखे थांबले, माईक थांबला, डबा थांबला. जनरेटरवाला वरातीत नाचत होता, आणि वरातीनं गेट असं भरून गेलं होतं की सेल आणायला सायकलसुद्धा बाहेर पडेना. गुरुजी मांडवातून ओरडायला लागले, "मुहूर्त जवळ आला हो!" सोनल खोलीत खुर्चीवर हाताची घडी घालून बसली. "लेझीम नाई तर मी नाई."

बायकांनी जमेल तिथून सेल आणले. टॉर्चमधला एक, पोराच्या खेळण्यातला एक, कोणाच्या तरी रिमोटमधले बारके. बाजींनी सगळे परत केले.

"जुना-नवा एकत्र नाई टाकायचा. ताजा थकलेल्याले ढकलते, अन् थकलेला गळते नाईतर फुटते. संसार नाई हा, सेल हायेत! चारही एका कंपनीचे, एका वयाचे पाह्यजेत."

वहिनी नऊवारीत, कपाळावर घामाचे ओघळ, हातात लेझीम. खोलीच्या दारापासून गेटपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. नाकं मुरडणाऱ्या बायका समोरच्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात पुष्पा भिंतीकडे पाहत राहिली. मग मॅनेजरकडे वळली. "दादा, ह्या घड्याळातला सेल कधी बदलला?"

"परवाच, मॅडम. हॉलमधलं, जेवणाच्या हॉलमधलं, दोन खोल्यांमधली. एकाच पाकिटातले टाकले."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आबाजी गेटवर व्याह्यांना फेटा बांधत होते. मी खुर्चीवर चढले. बाजींनी खुर्ची धरली. घड्याळ उतरवलं, सेल काढला, घड्याळ परत जागेवर, काटे होते तिथंच. पुष्पा बाकीची तीन करून आली. बाजींनी अधिक-उणे बघून चारही सेल बसवले, झाकण लावलं.

ढोल असा घुमला की वरातीतला बँड गप्प झाला!

वहिनी पुढे, मागे आम्ही, मधे सोनल. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. ढाणकीची पाहुणेमंडळी हॉलमध्ये घुसली आणि "आणखी एकदा!" म्हणून ओरडायला लागली. आम्ही आणखी एकदा खेळलो. मग नवरदेवाची आई उठली आणि वहिनींच्या हातातली लेझीम मागून घेऊन तिनंही एक फेरी मारली. मग नाकं मुरडणाऱ्यांपैकी दोघी उठल्या. सोनल हसत होती, रडत होती, आणि एकदाची मांडवात उभी राहिली.

सगळ्या हॉलनं श्वास रोखून आबाजींकडे पाहिलं. आबाजी हळूहळू उठले. चष्मा पुसला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग छाती काढून नातेवाइकांकडे वळले.

"पाह्यलं? एवढं नाचूनही मुहूर्ताले अवकाश हाये! याले म्हणतात शिस्त!"

आणि अंतरपाटाजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "काहो गुरुजी, बरोबर हाये ना?"

गुरुजींनी भिंतीकडे पाहिलं. स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग उपरणं हळूच मनगटावर ओढून घेतलं आणि खणखणीत आवाज लावला, "शुभमंगल सावधान!"